नोव्हेंबरातील नावे : ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या स्मरणोपासनेचा वृत्तांत

नागपुरातील सदर भागातल्या आमच्या मंदिराला ज्या सणावरून नाव मिळाले तो सर्व संतांचा सण १ नोव्हेंबर रोजी येतो, आणि ज्या दिवसाची हकीकत लिहिण्याचे काम स्मरणिका-समितीने माझ्याकडे सोपविले आहे तो सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस त्याच्या पाठोपाठ २ तारखेस येतो. पहिला दिवस ज्यांची नावे जगाला ठाऊक आहेत त्यांचा, आणि दुसरा ज्यांची नावे घरच्यांवाचून कोणास ठाऊक नाहीत त्यांचा. मंदिराची मूळ बांधणी १८५१ ची, म्हणजे तिला पावणेदोनशे वर्षे होत आली आहेत, आणि अशा प्रसंगी इमारत, बिशप, शाळा व निधी यांचा वृत्तांत जाणत्या लेखकांनी द्यावा हे योग्यच आहे. परंतु एवढ्या काळात या आवारात जी माणसे आली ती जवळजवळ सगळीच दुसऱ्या मुलखांतून आली, आणि त्यांपैकी नागपूरकर कोण व परका कोण याचा निवाडा शेवटी जर कशाने झाला असेल तर तो कोणाचे मृत येथे पुरले आहेत या एका गोष्टीने झाला, असे जुने दप्तर चाळताना व दफनभूमीतून हिंडताना माझे मत बनले आहे. पुढील मजकूर त्या मताभोवतीच फिरणार आहे, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो.

आमच्या हिंदू शेजाऱ्यांना हा दिवस फारसा समजावून सांगावा लागत नाही. भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येस, ज्याची तिथी घरात कोणाला आठवत नाही, ज्याच्यामागे श्राद्ध करणारे कोणी उरले नाही, जो परमुलखात गेला आणि ज्याची पुढे खबर आली नाही, अशा सर्वांच्या नावाने पान वाढले जाते. आमच्या २ नोव्हेंबरचा आशय याहून फार दूरचा नाही. ख्रिस्ती मंडळीत हा दिवस फ्रान्समधील क्लुनी येथील ओदिलो नामक मठाधिपतीने सुमारे ९९८ साली आपल्या अखत्यारीतील मठांपुरता घालून दिला व पुढे पश्चिमेकडील सर्व चर्चने तो उचलला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या धामधुमीत इंग्लंडच्या चर्चने मात्र तो आपल्या पंचांगातून काढून टाकला, कारण मेलेल्या माणसासाठी जिवंतांनी रदबदली करणे म्हणजे ईश्वराच्या न्यायासनासमोर वशिला लावणे होय, असे सुधारकांस वाटे. त्यामुळे १८५१ साली येथे उपासनेस जमणाऱ्या साहेबांच्या हातातील प्रार्थनापुस्तकात सर्व संतांचा सण होता, सर्व मृतांचा नव्हता. तो पुढे परत कसा आला हे सांगण्यापूर्वी त्याहून जुन्या गोष्टीकडे वळले पाहिजे, कारण आमच्या इतिहासात कबरी आधीच्या आहेत आणि मंदिर नंतरचे आहे.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज व कंपनीची फौज यांत जी लढाई झाली तिच्यात रेसिडेंट जेन्किन्सच्या बाजूने लढणारे शिपाई बहुतांशी मद्रासी पायदळाचे व बंगाली घोडदळाचे होते. त्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी टेकडीवरील किल्ल्यात आहेत, आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे सामान्य नागरिकास ठराविक दिवशींच तेथे प्रवेश मिळतो. पुढे चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. तैनाती फौज मद्रास इलाख्याची, म्हणून तिच्याबरोबर तमिळ व तेलुगू बोलणारे शिपाई, बाजारबुणगे, खानसामे व दर्जी कुटुंबकबिल्यासह आले, आणि मराठी मुलखाच्या ऐन मध्यावर एक दक्षिणी वस्ती उभी राहिली, जिच्या खुणा कामठीच्या जुन्या घराण्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात. तेथे १८३३ मध्ये प्रॉटेस्टंट मंदिर बांधले गेले. कॅथलिकांची व्यवस्था सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाकडे आली, ज्याचे पहिले धर्मगुरू १८४५ मध्ये आल्प्सच्या कुशीतील ॲनेसी गावाहून हिंदुस्थानात उतरले होते. म्हणजे मेंढरे कावेरीकाठची, मेंढपाळ सेव्हॉयच्या डोंगरातला, आणि कुरण कन्हानकाठचे!

या छावणीतील पाद्र्यांकडे इतर कामांबरोबर दफनाची नोंदवही असे. तिच्यात मृताचे नाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्याची सही, एवढे रकाने. दर साल तिची नक्कल इलाख्याच्या ठाण्यास व तेथून विलायतेस रवाना होई, आणि त्या नकला लंडनच्या दप्तरखान्यात आजही जतन केलेल्या आहेत. वरकरणी हे निव्वळ सरकारी कागद. पण ज्या काळात नागपुराहून निघालेले पत्र मायदेशी पोहोचावयास महिने लागत, त्या काळात डब्लिनच्या किंवा डेव्हनच्या एखाद्या घरातील आईला आपला मुलगा खरोखर कोठे ठेवला आहे याचा एवढाच दाखला होता. आमच्या स्मरणोपासनेचा पहिला मसुदा मी या नोंदवहीत पाहतो : नाव, वय, धंदा, तारीख, भावनेचा एकही शब्द नाही, आणि तरी ज्याला वाचता येते त्याच्या घशात आवंढा यावा इतके त्यात भरलेले आहे.

सदरचे मंदिर उभारले ते मद्रास एंजिनिअर्समधील एका तरुण अधिकाऱ्याने, रिचर्ड सँकी याने, आणि ते अगदी लहान होते. लक्षात घेण्याजोगे हे की त्या साली नागपूर हा ब्रिटिश मुलूख नव्हताच. तिसरे रघूजी भोसले गादीवर होते. ते ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. तेव्हा जे मंदिर आज शहराच्या जुन्या वास्तूंत गणले जाते ते परक्या रियासतीत राहणाऱ्या मूठभर पाहुण्यांनी आपल्या सोयीसाठी बांधलेले होते, आणि पाहुण्यांना बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या सोहळ्यांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक वेळा, तेथे दफनविधीसाठी जमावे लागे. सँकी पुढे म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाला व बंगलोरातील जो सँकी तलाव प्रसिद्ध आहे तो त्याच्याच नावाचा. मंदिर वाढवून आजच्या गॉथिक घडणीस आणण्याचे काम १८७९ मध्ये झाले आणि त्याचा आराखडा जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या इंग्लंडातील त्या काळच्या अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञाचा होता.

त्या काळच्या मंदिरांच्या भिंतींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. देशभरातील बहुतेक छावणी-चर्चप्रमाणे स्मृतिफलक लावण्याचा मान ज्याचे सोबती संगमरवराचा खर्च करू शकत त्यालाच मिळे; कॅप्टन, कलेक्टर, त्यांच्या पंचविशीतल्या बायका, दीड वर्षांची पोरे, पटकी, मुदतीचा ताप, घोड्यावरून पडणे. त्याच पटकीने त्याच आठवड्यात गेलेली आया, भिस्ती, मोतद्दार यांचे नाव दगडावर नाही. त्या आयेने साहेबाच्या पोराला ज्या भाषेत निजविले ती भाषादेखील कोठे नोंदलेली नाही. मी हे पूर्वजांस दूषण देण्यासाठी लिहीत नाही. मृतांची यादी वाचण्याचा विधी दगडी फलकाहून श्रेष्ठ का, याचे कारण येथेच आहे. फलकाला पैसा लागतो आणि यादीला एक कागद पुरतो.

याच काळातील एक मृत्यू मात्र सर्व पंथांना आपला वाटावा असा आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा काढणे, मराठी भाषकांत उपदेश करणे आणि फावल्या वेळात जमिनीतील दगड व शिंपले तपासणे असा त्यांचा अठरा वर्षांचा क्रम होता. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने १८८३ मध्ये सुरू झाले. नागपुराच्या दक्षिणेस टाकळघाटच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ही लोहयुगातील दफने होत, हे पुढे नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननाने पुरतेपणी सिद्ध केले; जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथेही तशीच वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ही दगडी वर्तुळे पाहून परत येत असताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. त्या सफरीत मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल होते, आणि हिस्लॉप यांनी येथील आदिवासी जमातींविषयी लिहून ठेवलेली टिपणे टेंपल यांनीच १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. परदेशातून आलेला एक मनुष्य अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अनामिकांच्या कबरी पाहावयास जातो आणि परतताना स्वतः याच मातीचा होतो. ज्यांनी ती वर्तुळे रचली तेही एके काळी कोठून तरी आलेच असतील, आणि घरातील मयतासाठी एवढाले धोंडे ओढून आणले तेव्हाच हा मुलूख त्यांचा झाला असेल. हिस्लॉप आमच्या चर्चचे नव्हते. परंतु नोव्हेंबरात मला त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१९०३ मध्ये नागपूर हे स्वतंत्र धर्मप्रांताचे ठाणे झाले, ऑल सेंट्सला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, आणि पहिले बिशप म्हणून एअर चॅटर्टन आले. ते आयरिश होते व त्यापूर्वी छोटा नागपूरमधील हजारीबाग येथे डब्लिन विद्यापीठाच्या मिशनमध्ये होते. नावसाधर्म्यामुळे दोन नागपुरांचा घोटाळा करणाऱ्यांना त्यांच्या चरित्राने आणखी एक निमित्त पुरविले, हे जाता जाता. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा गोंडवनाच्या इतिहासावरील ग्रंथ वाचला म्हणजे हा मनुष्य तेवीस वर्षे नुसता गादीवर बसला नव्हता, आपण कोणाच्या भूमीत आहोत हे विचारीत होता, हे दिसते. छोटा नागपुराच्या पठारावरून इकडे येण्याची जी वाट बिशपसाहेबांनी प्रथमवर्गाच्या डब्यातून तुडविली, तिच्यावरून पुढे मुंडा व उराँव कुळांतील ख्रिस्ती मजूरही येऊ लागले.

आता सर्व मृतांच्या दिवसाचे पुनरागमन. पहिल्या महायुद्धाने इंग्लंडमधील घराघरांतून मुले नेली व त्यांतील असंख्यांची प्रेतेही सापडली नाहीत. तेव्हा ज्या पाद्र्यांनी आयुष्यभर मृतांसाठी प्रार्थना करणे निषिद्ध मानले त्यांच्याही दाराशी आया येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्या मुलाचे नाव घ्या. शास्त्राने चार शतके अडवून धरलेले दार शोकाने चार वर्षांत उघडले. मध्यप्रांतात हा शोक दुहेरी होता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट नुकती प्रांतभर फिरून गेली होती, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. लाकूडफाटा मिळेना, खांदेकरी मिळेनात, अशा आठवणी आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत सांगितल्या जात. युद्धात गेलेल्यांची नावे पितळेवर कोरली गेली. तापाने गेलेल्यांची नोंद कोतवालाच्या बुकात पडली आणि बुक वाळवीने खाल्ले.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर कबरींचेच स्थलांतर झाले. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात विखुरलेली, जेथे कायमची निगा राहील याची हमी नव्हती अशी लष्करी दफने पुण्याजवळ खडकीच्या युद्ध-दफनभूमीत एकत्र करण्यात आली, आणि तेथे आज दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक कबरी एका ओळीत एका मापाच्या दगडांखाली आहेत. पहिल्या युद्धात गेलेले व देशभरच्या जुन्या छावण्यांत पुरलेले जे उचलता आले नाहीत त्यांची नुसती नावे तेथील स्मारकावर आहेत. व्यवस्था म्हणून हे उत्तमच. तरीपण ज्या गावात तो मनुष्य मेला त्या गावाचा त्याच्यावरील हक्क त्यामुळे सुटला, असे माझ्यातील नागपूरकराला वाटते.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आमच्या मंडळीत येण्याचा नव्हे, जाण्याचा होता. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तेव्हापासून ड्रायव्हर, गार्ड, फोरमन म्हणून अजनी व मोतीबाग भागांत स्थिरावलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे १९४७ नंतर इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यांनी घरातील पियानो विकले, कुत्री शेजाऱ्यांस दिली. कबरी कोणास देणार? तशात १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे आमच्या मंदिराच्या नामसणाच्या दिवशीच, राज्यपुनर्रचना अमलात आली, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि सचिवालयातील कारकून, हेडक्लार्क, अधिकारी बायकामुलांसह भोपाळच्या गाडीत बसले. राजधानीचे शहर एका दिवसात जिल्ह्याचे ठाणे झाले, हा सल नागपूर आजवर विसरलेले नाही. अशा गेलेल्यांच्या मुला-नातवंडांची पत्रे भारतातील जुन्या चर्चकडे येतच असतात : आजीची कबर आहे का, दगड उभा आहे का, एक छायाचित्र पाठवाल का? १९७६ मध्ये लंडनमध्ये दक्षिण आशियातील दफनभूमींसाठी एक संस्थाच निघाली, यावरून ही ओढ किती मोठी आहे ते कळावे. पूर्वी मृत परमुलखात व घर मायदेशी असे. आता मृत मायदेशी राहिले आणि घर परमुलखात गेले.

आणि मग २९ नोव्हेंबर १९७०. या दिवशी याच नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, उत्तर भारताची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स, अशा सहा प्रवाहांनी आपापले झेंडे उतरवून एक नाव घेतले. वाटाघाटी चार दशके चालल्या होत्या. बाप्तिस्मा तान्ह्याला द्यावा की जाणत्याला, यावर जेथे वाद मिटेना तेथे दोन्ही रीती चालू ठेवण्याचा शहाणपणा दाखविण्यात आला, आणि बिशपची परंपरा व वडीलमंडळाचा अधिकार यांचाही मेळ घातला गेला. या थोर प्रश्नांच्या गर्दीत मृतांचा प्रश्न कोणी ठळकपणे मांडला नाही; परंतु सामान्य सभासदाला तोच रोजचा होता. अँग्लिकन घरातील म्हातारी दिवंगत नवऱ्यासाठी प्रार्थना करीत आली होती, आणि स्कॉच मिशनच्या शाळेत वाढलेल्या मराठी कुटुंबाला मृतासाठी प्रार्थना हा शब्दच खटके. या दोघांना एका बाकावर बसविले ते आमच्या भाषेतील ‘स्मरण’ या शब्दाने. स्मरण म्हणजे याचना नव्हे, आणि विस्मरण तर नव्हेच; ज्याला त्यात प्रार्थना ऐकावयाची असेल त्याने ऐकावी, ज्याला कृतज्ञता ऐकावयाची त्याने ती. मला विचाराल तर सहा मंडळ्यांच्या ऐक्याचे जे कलम कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नाही ते हे आहे.

ऐक्याबरोबर नारायण वामन टिळकांच्या पदांनी समृद्ध झालेले ‘उपासना संगीत’ हाती धरणारी मराठी मंडळी आणि इंग्रजी स्तोत्रसंग्रह घेऊन वाढलेली मंडळी एका छत्राखाली आली. टिळक हे स्वतः नागपुरास आलेले एक प्रवासीच होते : बाप्तिस्मा घेण्यापूर्वी, १८९० नंतरच्या थोड्या वर्षांत, अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते येथे राहिले, आणि १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज ज्यांना आपण स्थानिक म्हणतो ती मराठी ख्रिस्ती घराणी या शहरात सर्वांत जुनी असली तरी या मंदिराच्या बाकांवर तुलनेने नवी आहेत, हे सांगितले पाहिजे. आणि ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो त्या कामठीच्या तमिळ घराण्यांचे पणजोबा येथे भोसल्यांच्या अमदानीत पुरले गेले, हेही सांगितले पाहिजे. इस्पितळांतून सेवा करणाऱ्या मल्याळी परिचारिका, रेल्वेतील तेलुगू कुटुंबे, छत्तीसगड, ओडिशा व झारखंडातून इमारतींच्या कामावर येणारे मजूर हे त्या रांगेतील अलीकडचे, एवढाच फरक.

२ नोव्हेंबरला जरीपटक्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत ज्याने कधी संध्याकाळ काढली आहे त्याला ही रांग डोळ्यांनी दिसते. जरीपटका हे नाव मराठेशाहीच्या निशाणाचे, वस्ती मुख्यत्वे १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांची, आणि तिच्या कुशीत आमचे मृत. चुन्याने नव्याने पांढऱ्या केलेल्या कबरी, शेवंतीच्या माळा, वाऱ्याला आडोसा करून लावलेल्या मेणबत्त्या, खुरप्याने गवत काढणारी पोरे. पण थोडे बाजूला, फाटकाजवळ, काही माणसे हातात मेणबत्ती घेऊन नुसती उभी असतात, कारण त्यांना लावावयाला येथे कबर नाही. कोणाचा भाऊ आखाती देशात गेला व तेथेच राहिला, कोणाची आई गुमल्याकडच्या खेड्यात आहे आणि रजा मिळाली नाही. अशा माणसास आमच्याकडील जुनी घरे आपल्या कबरीच्या कडेवर एक मेणबत्ती लावू देतात. हा कोणी केलेला ठराव नव्हे. कोण्या समितीने तो मंजूर केला नाही, म्हणूनच बहुधा टिकला आहे.

२०२० साली तेही घडू शकले नाही. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, अंत्यविधीस वीसहून अधिक माणसे नकोत असा हुकूम निघाला, आणि काश्मीर-कन्याकुमारी महामार्गावर असल्यामुळे नागपूर हे हैदराबादकडून उत्तरेस पायी निघालेल्या मजुरांच्या वाटेवरचे गाव झाले. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली सापडले. ते आमचे कोणी नव्हते, तरी त्या सकाळी ज्या शहरातून असे हजारो चालत होते त्याला ते परके वाटले नाहीत. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पाडव्यास, १६ नोव्हेंबर रोजी, उघडली; म्हणजे त्या वर्षीचा सर्व मृतांचा दिवस बंद दारांमागे गेला. दुसऱ्या लाटेने नागपूरला पहिल्यापेक्षा फार क्रूरपणे गाठले, आणि ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेस दारे पुन्हा उघडल्यावर जो २ नोव्हेंबर आला त्या दिवशी ज्यांना खांदा देता आला नव्हता, ज्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आपले माणूस दुरून पाहिले होते, त्यांना आपल्या माणसाचे नाव चारचौघांत उच्चारलेले ऐकावयास मिळाले. अंत्यविधीची उणीव नावाने भरून निघते असे मी म्हणत नाही. निघत नाही.

शहरालाही आपला एक नोव्हेंबर आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली, त्यांत बाया व लेकरेच फार. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, आणि दर साली त्या तारखेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून माणसे येऊन तेथे फुले वाहतात; पुष्कळांचे आप्त ज्या शहरात मेले त्या शहराशी त्यांचा एवढाच संबंध. त्या दिवशी तिकडून जाताना आमच्यापैकी कोणी टोपी काढून क्षणभर उभा राहिला तर त्याला ख्रिस्ती पंचांग आडवे येणार नाही.

शेवटी एक कबुली व एक विनंती. काही वर्षांपूर्वी एका स्मरणोपासनेत यादी वाचण्याचे काम माझ्याकडे आले असता मी एका उराँव बाईच्या मुलाचे नाव असे उच्चारले की ते आपलेच आहे हे तिला कळले नाही; विधी संपल्यावर ती वेदीपाशी येऊन, माझ्या मुलाचे राहिले का, असे विचारू लागली. कागदावर ते होते, मी वाचलेही होते. चूक अक्षराची नव्हती, विचारून न घेण्याची होती. तेव्हा या वर्षी नावे देणाऱ्यांनी चिठ्ठीवर केवळ नाव न लिहिता गाव व जिल्हाही लिहावा, ज्याला लिहिता येत नसेल त्याने आदल्या रविवारी उपासनेनंतर यादी करणाऱ्यास भेटून तोंडी सांगावे, आणि ज्या घरचे माणूस हजर असेल त्याने नाव आले म्हणजे जागीच उभे राहून ते स्वतःच्या भाषेत एकदा उच्चारावे. त्यात वेळ जाईल, कार्यक्रम लांबेल, त्याला इलाज नाही. ज्यांची येथे कबर नाही त्यांनीही चिठ्ठी द्यावी. चिठ्ठ्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्वीकाराव्यात, अशी माझी पाळकीय समितीस सूचना आहे.